गोरज मुहूर्ताला तोडी

ती. अण्णा,

उद्या गोरज मुहूर्तावर माझं लग्न, आपल्या लोधीपुऱ्यातच. परजातीचा जावई नको म्हणून तुम्ही घरीच बसणार, असं आई सांगत होती.

तुमचा होणारा जावई भूपेंद्र म्हणाला, "डीजे रहने दो, शहनाई लगाते हैं." सनईची रेकॉर्ड मी निवडली. मंगलाष्टकांआधी तोडी लावणार आहे, भोंगा आपल्या घराकडे करून. तोडी हा सकाळचा राग, संध्याकाळी कोणी छेडला तर तुम्ही शिकवणीतल्या पोरांपुढची पेटीच बंद करायचे. उद्याही बंद करायला धावत याल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणूनच हे पत्र पाठवत नाही, नाहीतर कानात कापूस घालून बसाल.

संध्याकाळचा पूरिया धनाश्री तयार ठेवलाय, तो तुमच्या हातानेच लावा. ओरडून झालं की अक्षता तेवढ्या टाका.

तुमचीच,
पूर्णिमा