‘बघू’चा अर्थ

ती. आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत उत्तम आहे, कारण ती बिघडली तरी विचारायला आता घरात कोणी नाही. भाऊजी गेल्यापासून घर खायला उठतं, तुझ्याकडे राहायला येऊ का, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. मी एका ओळीत उत्तर धाडलं आणि तेव्हापासून तू गप्प आहेस. त्या विषयावर येतोच, पण आधी इथली फजिती ऐक.

उभी नोकरी मी आपल्या छोट्या बँकेत मॅनेजर म्हणून काढली, हे तुला माहीतच आहे. मोठ्या बँकेच्या साहेबाचं बरं असतं, कर्ज नाकारलं की बदली घेऊन मोकळा. मला मात्र दुपारी ज्याला नाकारलं, त्याच्याचकडे संध्याकाळी दाढीला बसावं लागायचं. हातात वस्तरा धरलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून मी ‘बघू’ म्हणायचो. ज्याला द्यायचं, त्याला ‘कागद आणा’. हे इतकं मुरलं की शिपाईच बाहेर लोकांना सांगून ठेवायचा, साहेब ‘बघू’ म्हणाले की उठायचं, उगाच चहासाठी रेंगाळायचं नाही. (ही तर साडीचं विचारतानाच बजावायची, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण ते दुसरं नको.)

तर गेल्या महिन्यात समोरच्या इस्पितळातल्या मेट्रनबाई घरी आल्या. पेशंटच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा नाही, बिचारे व्हरांड्यात फरशीवर पडतात, तुमचा तळमजला रिकामाच आहे, तर काही जमेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. आक्का, ही आजारी होती तेव्हा त्याच फरशीवर आपण दोघं आळीपाळीनं पडायचो. तुझी शाल माझ्या अंगावर टाकून तू भिंतीला टेकून बसायचीस. मला एकदम भरून आलं. ‘चला, खोल्या बघू’ असं म्हणायचं होतं, पण पहिले दोन शब्द घशातच अडकले आणि नेमका शेवटचा तेवढा बाहेर पडला. मी किल्ली आणायला आत गेलो. येऊन बघतो तर बाई गायब, चहा तसाच.

घरातल्या चपलांनीच मी मागे धावलो (या वयात धावणं म्हणजे दम लागेल असं चालणं) आणि वॉर्डाच्या दारात त्यांना गाठलं. आम्ही दुसरीकडे बघू, असं त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या. मी जितकं समजावलं, तितकी त्यांची खात्री पटत गेली की म्हातारा टाळतोय. त्यांचे वडील शिंपी. शिवणयंत्राच्या कर्जासाठी ते कधीकाळी माझ्यापुढे बसून गेलेले, म्हणजे त्या घराला या शब्दाचा अर्थ मीच शिकवलेला. शेवटी वैतागून मी म्हटलं, “बाई, कागद आणा.”

त्या थबकल्या, बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मग मीही बसलो. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, आमचं कोणीतरी गेलं. तसं ते खोटंही नव्हतं.

आता खालच्या मजल्यावर माणसं असतात. कोणी खोकतं, कोणी घरी फोन लावून हळू बोलत बसतं. मला बरं वाटतं. दानशूर म्हणून माझा सत्कार करायचं घाटत होतं, मी ‘बघू’ म्हणालो. या वेळी सगळ्यांना बरोबर कळलं.

गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. वरची पूर्वेकडची खोली झाडून घेतली आहे. जिने चढताना धरायला कठडाही बसवलाय. मला त्याची गरज नाही.

आणखी एक. तुझ्या पत्राला मी ‘बघू’ एवढंच लिहिलं होतं. तुझी खाट कुठल्या खिडकीशी लावायची ते बघू, असं मला लिहायचं होतं गं. कागद नकोत. बॅग आण.