बर्फाच्या बुवांचे अपुरे कीर्तन पूर्ण करून मिळणेबाबत

प्रति,
मा. उपक्रम अधिकारी साहेब,
गोदातीर प्राथमिक शिक्षण मंडळ,
नाशिक.

अर्जदार : ढुंढिराज विश्वेश गायधनी, वर्गशिक्षक, इयत्ता पहिली, मंडळाची फुलमळा वस्ती शाळा.

विषय : इयत्ता पहिलीच्या वर्गात फळ्यासमोर उभे राहिलेल्या व आरतीपूर्वीच निघून गेलेल्या बर्फाच्या बुवांचे कीर्तन पूर्ण करून वर्ग मोकळा करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक 'हिवाळा : खेळू, करू, शिकू'.
२) बर्फाचा माणूस प्रदर्शनात का मांडला नाही, याबाबत अर्जदारास आलेली आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार दिवसा पहिलीच्या वर्गाला शिकवतो आणि संध्याकाळी जिथे कीर्तन असेल तिथे पुढच्या रांगेत जाऊन बसतो. कीर्तन ऐकून ऐकून 'मी' म्हणताना जीभ अडखळू लागली आहे, म्हणून या अर्जात सर्वत्र 'अर्जदार' असेच लिहिले आहे. त्यात कोणाच्या आड लपण्याचा हेतू नाही.

२. संदर्भ क्र. १ अन्वये आपण फर्मावले की, पहिलीच्या मुलांकडून हिवाळ्यात बर्फाचा माणूस करून घ्यावा, त्याचे निरीक्षण करवावे, तो मंडळाच्या प्रदर्शनात मांडावा, त्यासाठी परिसरात उपलब्ध असणारा बर्फच वापरावा. परिपत्रकासोबत चित्रही होते : गोल पोटाचा एक गोरा गृहस्थ, डोक्यावर टोपी आणि नाकाच्या जागी गाजर. परिपत्रक कोणत्या हवेत लिहिले गेले याविषयी अर्जदाराचे काही म्हणणे नाही. मात्र नम्रपणे नमूद करावेसे वाटते की, आमच्याकडची थंडी आकाशातून पडत नाही. ती गोदाकाठाने येते, मळ्यात शिरते, कोथिंबिरीवर दव होऊन बसते आणि मग पोरांच्या नाकातून वाहते. परिसरात उपलब्ध होती ती एवढीच.

३. तरीही वरिष्ठांचा शब्द खाली पडू नये म्हणून वर्गातल्या गोटीरामचे वडील भारत, जे रोज पहाटे देवळाली कॅम्पच्या बाजारात टेम्पोने भाजी टाकतात, त्यांनी परतताना भुशात गुंडाळून बर्फाच्या लाद्या आणल्या. हिवाळ्यात रिकामा बसलेला गोळेवाला आपला रंधा घेऊन आला. मुलांनी बर्फ खिसला, थापला, बोटे तोंडात घालून फुंकली व पुन्हा थापला. चित्रातले गाजर नाकापर्यंत पोचू शकले नाही. "गुर्जी, चांगलं गाजर नाकात कशाला घालायचं? आमच्या मळ्यातलं हाय, खाऊन बघा की," असे म्हणून गोटीरामने ते मोडले आणि वर्गाने ते वाटून खाल्ले. नाक लसणाच्या कुडीचे झाले व डोळे चिंचोक्यांचे. टोपी तर वस्तीत कोणाकडेच नव्हती, म्हणून गोटीरामच्या आजोबांचा पांढरा फेटा बांधला. गळा उघडा दिसू लागला तेव्हा अर्जदाराने आपले उपरणे दिले.

४. येथून प्रकरणास निराळे वळण लागले. साहेब, आमच्या वस्तीत पौषात मारुतीच्या पाराशी सप्ताह बसतो. आजीच्या मांडीवर झोपून कीर्तन ऐकलेली ही पोरे. त्यांना बाराखडी अजून यावयाची आहे, पण कीर्तनाचा शिरस्ता तोंडपाठ आहे. अंगभर पांढरे, डोक्यावर फेटा, गळ्यात उपरणे, आणि समोर आपण मांडी घालून बसलेले, म्हणजे उभे कोण असणार? गोटीराम ओरडला, "आरं, हे तं बुवा हायेत!" क्षणात दप्तरे भिंतीला लागली. कोणी झेंडूचा हार घातला, कोणी कपाळी बुक्का लावला. आणि ज्या वर्गाला गप्प करण्यासाठी अर्जदाराने आजवर छडीवाचून सर्व उपाय केले, तो वर्ग हात जोडून चिडीचूप झाला. अर्जदाराचेही हात जोडले गेले. जुनी सवय आहे, साहेब.

५. बुवा काही बोलेनात. त्याचे कोणाला नवल वाटले नाही. "डोळे मिटून ध्यान करून ऱ्हायले," असा गोटीरामने खुलासा केला. चिंचोके उघडेच होते, पण मुद्दा सर्वांना पटला. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या गोजराबाई पोरे अजून जेवायला का येत नाहीत म्हणून पळी घेऊन आल्या, त्यांनी बुवांना पाहिले, पळी बाजूला ठेवली व पदर डोक्यावर घेऊन बसल्या. मग फुले खुडणाऱ्या बाया टोपल्यांसकट आल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली, उठले कोणी नाही. बुवा गादीवर उभे राहिले की आरती होईतो आसन मोडायचे नाही, हा नियम मंडळाच्या नियमावलीत नसला तरी मंडळाहून जुना आहे.

६. आता मुख्य हकीकत. गोजराबाईंची नात सई याच वर्गात आहे. मूर्ती लहान, पण जगाची काळजी तिच्या शिरावर. कोणाची पाटी फुटली की रडू हिला येते. ती पाया पडायला पुढे गेली, बुवांना हात लावला आणि दचकून मागे फिरली. "आजी, बुवा लय गार पडलेत गं!" गोजराबाई म्हणाल्या, "थंडीत उभे हायेत ना बाई, पोटातबी काही नसंल." झाले! सईने आपला लाल स्वेटर काढून बुवांच्या अंगावर घातला. तिचे पाहून कानटोप्या आल्या, मफलर आले, बायांनी शेजारच्या घरातून गोधडी आणली. एवढ्यावर थांबले असते तर बुवा कदाचित आपल्या प्रदर्शनापर्यंतही टिकले असते, कारण भुसा काय आणि गोधडी काय, गारवा दोन्ही धरून ठेवतात. हा विज्ञानाचा पाठ अर्जदार एरवी शिकवतो. परंतु सई स्वयंपाकाच्या चुलीकडे गेली आणि घमेल्यात निखारे घेऊन आली. ते तिने बुवांच्या पायाशी नीट ठेवले, स्वतः फुंकर घातली आणि म्हणाली, "आता बरं वाटंल, बुवा."

७. बुवांना बरे वाटले असावे. प्रथम नाकावरून थेंब आला, मग डोळ्यांतून. गोजराबाई म्हणाल्या, "बुवांना गहिवर आला." सगळ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. बर्फ का वितळतो हे अर्जदारास ठाऊक आहे, तो त्याबद्दलच पगार घेतो. तथापि त्यानेही रुमाल काढला, हे येथे लपवून ठेवणे योग्य होणार नाही. अर्जदाराने मोठमोठ्या गाद्यांवरची कीर्तने ऐकली. शब्दावाचून श्रोत्यांना रडवणारे आणि स्वतः निम्मे होईतो गहिवरणारे बुवा त्याने दुसरे पाहिले नाहीत. होता होता फेटा खांद्यावर आला, खांदे जमिनीवर आले, आणि फेटा, हार, उपरणे, लाल स्वेटर, कानटोप्या, मफलर व गोधडी यांचा एक ओला ढीग तेवढा उरला. पाणी उंबऱ्याखालून जाऊन जास्वंदीला मिळाले. आरती झालीच नाही.

८. बुवा उभे होते ती जागा फळ्याच्या बरोबर समोर आहे. कीर्तन अपुरे, म्हणून जागा रिकामी नाही, असे वर्गाचे म्हणणे. अर्जदार खडू घेऊन निघाला की चहूकडून गलका होतो : "गुर्जी, पाय! बुवांची जागा!" बाजूला खिडकीशी उभे राहून हात लांबवून लिहिले तर अक्षरे तिरकी पडतात आणि मुलेही माना वाकड्या करून वाचतात. एका पालकाने तर मुलाला मानेला तेल चोळून घ्यायला नेले. शेवटी वर्ग व्हरांड्यात आणला, तिथे गार वाऱ्याने पाटीवर बोटेच टिकत नाहीत. धुळाक्षरांची गाडी 'त' वर येऊन थांबली आहे. 'थ' थंडीचा म्हणून पुढे शिकवायचा होता, पण तो नुसता अंगावरच चालू आहे.

९. अर्जदार स्वस्थ बसला, असा समज होऊ नये. आपण स्वतःच आरती करून टाकू, असे त्याने सुचवले. गोटीराम म्हणाला, "तुम्ही तं ऐकणारे, गुर्जी. त्याला बुवाच पायजेत." बिनतोड! मग पंचवटीतून एक जाणते कीर्तनकार आणले. त्यांनी जागेला नमस्कार करून विचारले की, आधीचे बुवा कोणत्या आख्यानात होते? गोजराबाई म्हणाल्या, "रडण्यापोतर आलं होतं, म्हाराज." धागा ठाऊक नसताना दुसऱ्याचे कीर्तन पुढे चालवणे त्यांच्या शिस्तीत बसेना, ते चहा घेऊन परत गेले. नवे बुवा घडवावेत, तर द्राक्षांच्या दिवसांत भारतचा टेम्पो पिंपळगावला अडकलेला, आणि लादीचे नाव काढताच सईने असा हंबरडा फोडला की अर्जदाराने तो विषयच सोडला. "पुन्ना नका उभं करू कुणाला गारठ्यात!" असे ती म्हणत होती.

१०. आपल्या नोटिशीचे उत्तर म्हणून हे पुरेसे व्हावे. परंतु अर्ज त्यासाठी नाही. वेतनवाढ रोखली तर रोखावी, उपरणे वाळले आहे, अर्जदाराचे भागेल. अर्ज सईसाठी आहे. ती रोज शाळेत येते आणि पायरीवरच बसते. व्हरांड्यातसुद्धा येत नाही. "मीच बुवांना चटका दिला, म्हणून ते न सांगता गेले," हे तिच्या मनाने घेतले आहे. बाकीचे कपडे ज्याचे त्याने हात लांबवून उचलले, पण तिचा स्वेटर वर्गात त्याच जागेवर हाराशेजारी पडून आहे आणि ती घालायला तयार नाही. "ते बुवांचं हाय, दिलेलं परत घेत नसत्यात." गोजराबाईंनी धपाटा घातला, जवळ घेतले, दुसरा स्वेटर आणला, तो तिने गोठ्यातल्या वासराला घातला. सकाळी दवात ती नुसत्या झग्यावर बसलेली असते, ओठ जांभळे झालेले, आणि कोणी विचारले तर म्हणते, "मला नाय वाजत." बर्फ म्हणजे काय, हे अर्जदार तिला समजावून सांगू शकतो. पण बुवा म्हणजे पाणी होते, हे त्याच्याच तोंडून निघत नाही.

११. कीर्तनाच्या रिवाजाप्रमाणे बुवांना ज्याने आमंत्रण दिले, त्यानेच निरोपाचे पाहायचे असते. बुवांना आमच्या वर्गात अर्जदाराने बोलावले नाही, वस्तीनेही नाही. आपल्या परिपत्रकाने बोलावले, आणि त्याखाली सही आपली आहे. सबब प्रार्थना की, आपण स्वतः एका सकाळी पांढरे धोतर नेसून यावे, फेटा बांधावा आणि त्या जागेवर उभे राहावे. अंगलटीविषयी चिंता नसावी. प्रशिक्षणाच्या वेळी अर्जदाराने आपणास पाहिले आहे, परिपत्रकातल्या चित्राशी बरेच जमते. आख्यान लावण्याची गरज नाही, आधीचे बुवाही काही बोलले नव्हते. फक्त सईला जवळ बोलवावे, लाल स्वेटर आपल्या हाताने तिच्या अंगात घालावा आणि एवढेच म्हणावे की, बाई, तुझ्या निखाऱ्याने फार बरे वाटले, पुढच्या गावी कीर्तन होते म्हणून घाईने निघावे लागले. मग आरती होईल, गोजराबाई खिचडी वाढतील. आपण जागेवरून एक पाऊल बाजूला झालात की अर्जदार पुढे होऊन फळ्यावर 'थ' काढील.

१२. हे शासकीय कर्तव्यात बसते काय, अशी शंका आपणास येईल. हिवाळी उपक्रमात बसते, असे अर्जदाराचे प्रामाणिक मत आहे.

येणेप्रमाणे व्हरांड्यातून लिहून आपल्या चरणी रुजू.

आपला नम्र व काकडलेला,
ढुंढिराज विश्वेश गायधनी
वर्गशिक्षक, इयत्ता पहिली
फुलमळा वस्ती शाळा
दि. १९ जानेवारी २००४

सोबत : १) फेटा, वाळवून, मोकळा. आपल्या डोक्याचे माप ठाऊक नाही.
२) आपले परिपत्रक. ते बुवांच्या पायाखाली होते, त्यामुळे सही थोडी ओघळली आहे.

ता. क. : येण्यापूर्वी शाळेबाहेरच्या हौदात हात बुडवून मगच आत यावे. कोणी कितीही आग्रह केला तरी शेकोटीपाशी थांबू नये. पोर आधी हात धरून पाहते.