ओढ्याला कुठला पूर

आबा,

तुम्ही असता तर हे ऐकूनच मला झापलं असतं, म्हणून सरळ सांगून टाकतो. मी आता नुकसान बघायला शेडवर जात नाही. मालक मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून दाखवतो, मी रावेतच्या फ्लॅटमध्ये बसून बघतो आणि विमा कंपनीला रिपोर्ट देतो. तुम्ही जन्मभर केलंत तेच सर्व्हेअरचं काम, फक्त पायाला चिखल लागत नाही. तुम्ही मला पहिल्यांदा तळेगावच्या गोदामात नेलंत तो दिवस आठवतो. मालक रडगाणं गातोय आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून खांबावरून हात फिरवताय. मी म्हणालो, "आबा, ते काहीतरी सांगतायत." तुम्ही सगळ्यांदेखत खेकसलात, "आधी खांबाला इचार, मग मान्साला! साचल्यालं पाणी चारी अंगांनी सारखी रेघ वढतं. वाहतं पाणी ज्या अंगानं येतं, तिथं काडीकचरा चिकटवून जातं. खांब खोटं बोलत न्हाई." लाजेनं माझे कान तापले होते.

आता कंपन्या फार हुशार झाल्यात. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, हे त्यांना सरकारच्या आधी उमगलं. सरकारनं हवामान बदलाचा आराखडा केला, त्यात नदीची पूररेषा आखली. चाकणकडचे ओढे मात्र त्यात नाहीतच. निम्मे तर कारखान्यांच्या भरावाखाली गेलेत. विमा कंपनीनं तोच नकाशा उचलला आणि पॉलिसीत एक ओळ घातली: पूर आला तर भरपाई, पाणी साचलं तर नाही. नकाशाबाहेर नेमकं काय झालं, ते सर्व्हेअरच्या रिपोर्टवर ठरणार. आम्हाला ट्रेनिंगला बोलावून, पंचपक्वान्नं वाढून हे शिकवलं. मीही पोटभर जेवून आलो.

गेल्या पावसाळ्यात चाकणजवळच्या एका बाईंचा कॉल आला. शेती एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी गाड्यांच्या सुट्ट्या भागांना रंग द्यायची शेड टाकलेली. भट्टी, मोटारी, सगळं चिखलात. मी विचारलं, "पूर आला होता का?" बाई त्या अवस्थेतही हसल्या. "काय दादा! पूर नदीला येतो. आमच्या वढ्याला कुठला पूर? पाणी साचलं व्हतं, कमरंएवढं." आबा, आपल्या घरात तरी कोण वेगळं बोलायचं? आई तर ओढ्याला पूर म्हणूच द्यायची नाही. मोठं नाव दिलं की त्याला चेव येतो, म्हणायची. बाई काय सांगतायत ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांचाच शब्द मी जसाच्या तसा रिपोर्टात घातला. क्लेम नामंजूर झाला, शेड बंद पडली.

परवा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या ताटं विसळताना दिसल्या. व्हिडिओवरचा चेहरा त्यांनीच ओळखला. "दादा, माझंच बोलायला काय चुकलं का वो?" मी म्हणालो, "नियमच तसा आहे." थू माझ्या तोंडावर!

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर लिहायची हिंमत झाली. त्या दिवशी बाई बोलत होत्या तेव्हा त्यांच्या मागे शेडचा खांब दिसत होता. ओढ्याकडच्या अंगाला काडीकचरा, गवत, चिंध्या. दुसरं अंग कोरं. मी नीट पाहिलं, आबा. आणि मीच म्हणालो, "ताई, मोबाइल जरा इकडं फिरवा, मोटारी दाखवा."