उतारावर बंद केलेलं इंजिन

प्रिय अप्पा,

उद्या सकाळी आपल्या जपानीला बघायला गिऱ्हाईक येणार आहे. सायखेड्याचे कुणी जुन्या गाड्यांचे शौकीन. आई फोनवर त्यांना सांगत होती, "आधीच सांगते बरं का, ते टर्बो इंजिन आमच्या ह्यांनी स्वतः बसवलंय. त्यातच काहीतरी चुकलं त्यांचं. तेव्हापासून बंद आहे गाडी." लपवून काही विकणं आईला जमणार आहे थोडंच! मी कांदा चिरत होते, तो तसाच राहिला. अप्पा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. हे मला दोन वर्षं माहीत आहे आणि दोन वर्षं मी गप्प आहे. म्हणून आज लिहायला बसले.

ती आपल्याकडे आली तेव्हा मी चौथीत होते. नैरोबीहून परतलेल्या एका डॉक्टरांची, माझ्यापेक्षाही वयाने मोठी, फिकट निळी गाडी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत सगळ्यांच्या दारात स्कूटर आणि आपल्या दारात ही! तिचं खरं नाव कुणालाच नीट म्हणता यायचं नाही, म्हणून ती नुसती 'जपानी' झाली.

आणि तो पेठ रस्त्यावरचा घाट! चढ संपला की तुम्ही चावी फिरवून इंजिन बंद करायचात. आई घाबरून म्हणायची, "अहो, ब्रेक लागतात ना नीट?" तुम्ही म्हणायचात, "ऐका आता." आणि ऐकायला काहीच नसायचं. टायरची सळसळ, खिडकीतून येणारा वारा, खाली भाताची खाचरं, कुठेतरी राब भाजल्याचा धूर. मला वाटायचं, आपण रस्त्यावरून चाललेलोच नाही, कुणीतरी आपल्याला अलगद खाली नेऊन ठेवतंय. पेट्रोल वाचतं, असं तुम्ही आईला सांगायचात. पेट्रोल फुकट असतं तरी तुम्ही तेच केलं असतं! अजूनही झोप लागता लागता मी त्याच उतारावर असते.

मग तुम्ही रिटायर झालात. तीस वर्षं टर्बाइनशेजारी काढलेल्या माणसाला घरातली शांतता सोसेना. दुपारभर गच्चीत बसून वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे बघत राहायचात. एक दिवस टेम्पोतून इंजिन उतरलं. अपघातात चेपलेल्या एका नव्या कोऱ्या जीपचं, डिझेल टर्बो. आईने विचारलं, "हे कुणाचं?" तुम्ही म्हणालात, "आपल्या जपानीचं." आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

बबनभाऊ मेकॅनिकने टेप लावून मान हलवली होती. "अप्पा, लय लांब हाय हे. बॉनेट नाय बसायचं. आन वजन? नाक टेकंल गाडी."

"रेडिएटर पुढे सरकवू. स्प्रिंगा जाड घालू. आणखी काय?"

सहा महिने तुम्ही दोघं त्या गाडीच्या पोटात होतात. आरटीओच्या फेऱ्या वेगळ्याच. टर्बो बसवायच्या आधी तो हातावर घेऊन तुम्ही मला दाखवलात. शंखासारखं लोखंडी कवच आणि आत इवलासा पंखा. "मने, हे आमच्या टर्बाइनचं पिल्लू. तिथे वाफेने फिरतं, इथे इंजिनच्या धुराने. जात एकच." काय चेहरा होता तुमचा तेव्हा!

आणि मग बजावलंत, "एकच लक्षात ठेव. दमून आली की लगेच बंद करायची नाही. पंखा लालबुंद झालेला असतो, तेल थांबलं की आतलं बेअरिंग जळतं. दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. तापलेल्याला निवायला वेळ द्यायचा." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्या बाबतीत हे कधी सुचलं नाही!" किती हसलो आपण.

त्या हिवाळ्यात तुम्ही आणि आई लग्नाला जळगावला गेलात. मी चावी घेतली आणि एकटीच पेठ रस्त्याला लागले. काय चढली ती घाट! टर्बोची ती बारीक शिटी, पाठीला बसलेला रेटा. माथ्यावर आले आणि समोर तो उतार दिसला. अप्पा, मी विसरले नव्हते. दोन मिनिटं वगैरे सगळं आठवत होतं. पण मला ती शांतता हवी होती आणि तेव्हाच हवी होती. मी चावी फिरवली. खाली पोचेपर्यंत मी नऊ वर्षांची होते.

पायथ्याशी इंजिन चालू केलं तर शिटीऐवजी खरवडल्यासारखा आवाज आणि मागे निळा धूर. रडत रडत घरी आणली. कव्हर घातलं.

जळगावहून परतल्यावर गाडी चालू केलीत, तोच आवाज ऐकलात आणि टर्बो उघडलात. जळलेलं बेअरिंग हातात घेऊन उजेडात धरलंत. मग म्हणालात, "तेलाची नळी मी फार वाकवली. तेल पोचलं नाही." बबनभाऊ म्हणाले, "तरी म्हनलं व्हतं, अप्पा, नको हा उद्योग." तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. आणि मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते! ट्रे ठेवला आणि आत निघून गेले. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिले. दोन महिन्यांत तुम्ही आयसीयूत होतात आणि तिथे कसं सांगणार होते? तुम्हीही इतकी घाई का केलीत?

आज गिऱ्हाइकासाठी आरसी बुक शोधताना तुमच्या खणात ती वही सापडली. गाडीचीसुद्धा लॉगशीट भरायचात तुम्ही, ड्यूटीवर असल्यासारखी. निघताना किलोमीटर, परतल्यावर किलोमीटर, तेल, पाणी, सही. शेवटच्या पानावर जळगावला जाण्याआधीचं रीडिंग आहे. आल्यानंतरचंही आहे. मधल्या पंच्याण्णव किलोमीटरला पेन्सिलीने गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, "पेठ घाट." त्याखाली बिघाडाच्या कारणापुढे, पेनाने: "तेलाची नळी. चूक माझी."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! कळूनही बबनभाऊंचं ऐकून घेतलंत? का, अप्पा? मला एकदा रागवायचं तरी! उतारावर इंजिन बंद करायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून का हो चूक तुमची?

ते मला मान्य नाही. प्लांटच्या लॉगबुकात खाडाखोड चालत नाही, असं तुम्हीच सांगायचात. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, आणि पुढे खरं ते लिहायचं. उद्या गिऱ्हाईक यायच्या आधी मी आईला समोर बसवून सगळं सांगेन. मग गॅरेजवर जाऊन बबनभाऊंनाही सांगेन. गाडी विकली जावो न जावो, तुमच्या हातांना कुणी बोल लावणार नाही, हा माझा शब्द.

ती रेघ मात्र मी आताच मारली आहे. पुढे लिहिलंय: "तेलाची नळी बरोबर होती. इंजिन गरम असताना बंद केलं."

खाली सही,

तुमची
मनीषा