आठाच्या पोटातली रेघ

सोमवार, ४ मार्च
डॉक्टर म्हणाला, बीपी वाढलंय, राग माणसांवर काढू नका, वहीत काढा. म्हणून ही वही. मला मुळात राग येतच नाही. लोक आणतात.

आज पार्लरमध्ये मारामारी. आमच्या गेम पार्लरमध्ये दारापाशीच ते जुनं पिनबॉलचं मशीन आहे, त्यावर टायरवाला आणि बेकरीवाला रोज खेळतात. पहिल्या खेळाडूचे गुण दाखवणाऱ्या डिस्प्लेत इंग्रजी आकड्यांची मधली आडवी रेघ लागेनाशी झालीय. आठाचं शून्य दिसतं. टायरवाला म्हणाला, आठ आहे. बेकरीवाला म्हणाला, तुझ्या बापाने बघितला होता आठ, शून्य आहे ते. टायरवाल्याने त्याचं डोकं काचेवर आपटलं. बघायला अख्खी गल्ली आत. मी दोघांना झाडूने वेगळं केलं. हळूच. दांडा आधीचाच कच्चा होता म्हणून मोडला.

दीर म्हणाला, वहिनी, रविवारपर्यंत डिस्प्ले नीट करा, नाहीतर मशीन भंगारात. बाकीची मशीनं तो एकटा बघतो. माझ्याकडे पिनबॉल तेवढं, ते गेलं की त्याच्याशेजारचं माझं बसायचं स्टूलही गेलं. आमचे हे गेल्यापासून घराबाहेर पडायला मला तेवढं एकच निमित्त. नाहीतर दिवसभर जावेच्या हाताखाली भाजी निवडा. त्यापेक्षा तुरुंग बरा, तिथे निदान सुटायची तारीख असते.

संकल्प: मशीनवर हात उचलायचा नाही.

मंगळवार, ५ मार्च. सकाळी
मशीनच्या कानशिलात एक दिली. संकल्प मोडला नाही. मूठ म्हणजे मार, उघडा हात म्हणजे उपचार. रेघ लागली! मशीनला माणूस कळतो.

दुपारी
रेघ गेली. उपचार वाढवला.

संध्याकाळी
चप्पल. चप्पल म्हणजे हात नव्हे.

बुधवार, ६ मार्च
मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, बाई, मशीन बंद करा, थोडं थांबा, आत करंट साठलेला असतो. मग पहिल्याचा आणि दुसऱ्याचा डिस्प्ले आपसात बदला. दोष डिस्प्लेबरोबर गेला तर डिस्प्ले मेला. जागच्या जागी राहिला तर वायरचा कनेक्टर ढिला.

थांबायला मी काय बसस्टॉपवर उभी आहे? बंद केलं आणि घातला हात.

मशीनने मला मारलं. असा झटका दिला की मी मागच्या बाटल्यांच्या क्रेटवर जाऊन आदळले. आजवर माझ्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. सासूने एकदा बघितलं लावून, विचारा तिला. पहिला वार मशीनने केला, हे इथे लिहून ठेवते. इथून पुढे जे होईल ते स्वसंरक्षण.

गुरुवार, ७ मार्च
डिस्प्ले बदलले. दुसऱ्याचा चांगला होता तो पहिल्याच्या जागी आला, त्याची रेघ गेली. पहिल्याचा आजारी तिकडे जाऊन ठणठणीत. म्हणजे दोघेही फितूर.

मेकॅनिक म्हणाला, कनेक्टरच आहे, काढून पुसा आणि नीट बसवा, ठोकू नका. म्हटलं, एवढं कळतं तर तूच ये. आला. मशीनची बाजू बघून विचारतो, याला ट्रकने उडवलं का? मी पाना फेकला. त्याच्यावर नाही, त्याच्या दिशेने. पाना भिंतीत रुतला, मेकॅनिक पळाला. हल्लीच्या लोकांना धीर म्हणून नाही.

संध्याकाळी टायरवाला-बेकरीवाला पुन्हा. आठ की शून्य. आज दात पडला. गर्दी एवढी की बाकीच्या मशीनांवरही रांगा. मी बसते म्हणून लोक येतात. माझा स्वभावच तसा आहे, माणसं जोडणारा.

शुक्रवार, ८ मार्च
शांतपणे काम केलं. कनेक्टर धरला, मुंडी पिरगाळली, उपटला, बाहीला पुसला, गुडघा देऊन परत कोंबला. रेघ लागली! पहिल्यालाही, दुसऱ्यालाही. आठाचा आठ. फोन करून मेकॅनिकला सांगितलं की माझी पद्धत वापरली. तो म्हणायला लागला, अहो बाई, हेच तर मी... फोन आपटला.

दीर म्हणाला, मानलं वहिनी. मशीन राहील.

आता हे स्टूल मरेपर्यंत माझं.

शनिवार, ९ मार्च
टायरवाला हरला. गल्ली दारात श्वास रोखून. त्याने आकडा बघितला, मान डोलावली, म्हणाला, हरलो रे बाबा. आणि दोघे गळ्यात गळे घालून चहाला गेले. मी मागून ओरडले, ऐकून कसलं घेतोस, मर्द ना तू? तर म्हणतो, मावशी, आकडा स्वच्छ दिसतोय, भांडायचं कशावर? मावशी! माझ्याहून थोराड आहे मेला.

लोक जरा घुटमळले. एकाने विचारलं, आज नाही का? आणि गेले सगळे.

रविवार, १० मार्च
चिटपाखरू नाही. दीर म्हणाला, वहिनी, शब्द दिला होता खरा, पण गिऱ्हाईकच नाही तर मशीन ठेवून काय पूजा करू? दातांचा डॉक्टर बघायला येतोय, त्याला दवाखान्यात पेशंट बसतात तिथे ठेवायचंय. बिघडलेलं होतं तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

डोकं अजिबात फिरलं नाही. उपाय सोपा. रेघ मी आणली, मीच घालवणार.

थप्पड. काही नाही. बुक्की. काही नाही. लाथ, मग दुसऱ्या पायाची लाथ. चप्पल. स्टूल उचलून घातलं, स्टुलाचा पाय मोडला. आठाचा आकडा डोळे वटारून माझ्याकडे बघतोय. आठवडाभर फुंकर मारली तरी जाणारी रेघ, आज पोलादाची.

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दातांचा डॉक्टर. कधीचा दारात उभा होता कोण जाणे. दिराला म्हणाला, एवढा मार खाऊन एक रेघ हलली नाही! माझे पेशंट काय कमी मारकुटे असतात? असंच दणकट पाहिजे. टेम्पो घेऊनच आला होता.

सोमवार, ११ मार्च
घरी. जावेने मटाराच्या शेंगा पुढ्यात ओतल्या. म्हणाली, जाऊबाई, सुरी नको हं तुम्हाला, हातानेच सोला.

शांतपणे सोलल्या. दाणे अजून फ्रीजखालून काढतेय.