बाबारावांनी फ्यूज काढला

चि. प्रफुल्ल,

दीपमालाताईचा जय भीम. इकडे नेरला सगळे बरे आहेत. माझी मान दुखते, पण ती तुझ्याच कामाने दुखते, तेव्हा चौकशीचा उपचार नको. तुझी ॲसिडिटी पुण्यातल्या डब्यावर जगणाऱ्या माणसाची असावी तशीच असेल. प्रियंकाला आशीर्वाद, तिला तुझ्याशी संसार करायचा आहे, म्हणून जरा जास्तच.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तू आला होतास, तेव्हा ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडलास आणि मला म्हणालास, ताई, मोबाइल भरला तुझा. वाचनालयासाठी जमवलेली जात्यावरची गाणी क्लाउडवर एक व्हर्च्युअल मशीन करून त्यात टाक, पाच मिनिटांचं काम आहे. (मग संध्याकाळच्या गाडीने गेलास. ताट मी झाकून ठेवलं होतं.) व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे मला आता कळलं आहे. परक्याच्या मोठ्या यंत्रातला भाड्याचा एक कोपरा, ज्याला हात लावता येत नाही, ज्यावरची धूळ पुसता येत नाही आणि तरी ज्याला यंत्र म्हणावं लागतं. आपल्या मागच्या गल्लीत भाड्याने खोली देणारेही एवढा रुबाब करत नाहीत.

तुझ्या त्या यंत्राने पहिलाच प्रश्न विचारला, की मला ठेवायचं कुठे. यादीत मुंबई होती, हैदराबाद होतं, नागपूर नव्हतं. झालं. वाचनालयाची सभा बोलवावी लागली. आपले अध्यक्ष बाबाराव (निवृत्त लाइनमन, अजूनही कमरेला पक्कड असल्यासारखे चालतात) उठून म्हणाले, "सारंच मुंबईले नेता. आता मायबायांची गाणी बी तिकडंच कायले?" मग बहुमताने हैदराबाद. शिवाय नागपुरासाठी मागणीचा ठराव, जो कोणाला पाठवायचा हे आमच्या सचिव अतियाला अजून सापडलेलं नाही. पुढे नाव. देवनागरी चालेना, मोठी अक्षरं चालेनात, दोन शब्दांत अंतर चालेना. ज्या वाचनालयाच्या नावावरून गावात दोन वर्षं अबोला होता, त्याचं नाव शेवटी कपाशीवर फवारायच्या औषधासारखं झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पासवर्ड मात्र बाबारावांनी मागून घेतला. अध्यक्षाकडे किल्ली नको का?

पण गाणी चढली, हे खरं. मानीबाईला तिचं गाणं ऐकवलं, तर म्हणाली, "हे कोण बोंबलून राह्यली?" जैबुनबी चाची पदर तोंडाला लावून हसल्या. मग आईचं लावलं, ते आजारपणाआधीचं, मधेच खोकून 'थांब, घोटभर पाणी पिते' म्हणते ते. चाचींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. आणि तू सांगितलं होतंस तसं मी त्या रात्री शहाण्यासारखं सगळं मोबाइलमधून पुसून टाकलं.

आता बाबाराव. तुला माहीत आहे, ते कुठूनही निघताना मेन स्विच बंद करतात. लग्नातसुद्धा पंगत उठायच्या आत पंखे बंद करत फिरतात. कळंबच्या लाइनवर त्यांचा जोडीदार खांबावर असताना कोणीतरी खालून लाइन चालू केली होती. तेव्हापासून नुसत्या बंदवर त्यांचा विश्वास नाही. फ्यूज काढून खिशात घातल्याशिवाय त्यांचं काम पुरं होत नाही. ते यंत्र दिवसरात्र चालूच असतं, असं अतियाने त्यांना सांगितलं मात्र, हा माणूस अस्वस्थ झाला. शनिवारी वाचनालय बंद करताना त्यांनी वाचनालयाचा लॅपटॉप उघडला आणि ते यंत्र बंद केलं. समाधान होईना. शोधत शोधत 'कायमचं काढून टाका' इथपर्यंत पोचले. नक्की का, असं यंत्राने विचारलं. नक्की. त्यातली साठवणही काढू का? बाबारावांनी तिथेही खूण केली. अर्धवट काम त्यांनी आयुष्यात केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ताई, निस्तं बंद नाही केलं. फ्यूजच काढला. आता कोणाले शॉक नाही लागत." बोलताना त्यांचा हात सवयीने खिशावर होता. मी त्यांना चहा दिला. आणखी काय करणार होते?

जाणकारांना विचारलं, गेलं ते गेलं म्हणतात. जे बनवायला इतके प्रश्न पडतात, ते पुसायला दोनच पुरतात, हे तुमच्या विद्येचं मला कौतुक वाटतं. मानीबाई आणि चाचींनी पुन्हा गाऊन दिलं. मानीबाईने तर या यंत्राची टिंगल करणारी नवी ओवी जोडली आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस आहे. राहिली एकटी आई.

तर असं तुझं पाच मिनिटांचं काम. प्रकृतीला जप.

तुझी,
ताई

ता. क. प्रियंका म्हणत होती, आई तुला व्हॉट्सॲपवर लांबलचक बोलून पाठवायची आणि तू ते न ऐकताच ठेवायचास, काय म्हणणार हे ठाऊक आहे म्हणून. रागावत नाही. एखाद्यात ती गुणगुणली असेल. पुसू नकोस.

आणखी ता. क. ते मेलने धाडू नको, कुठल्या यंत्रात ठेवू नको. पेनड्राइव्हवर घे, शर्टाच्या खिशात ठेव आणि मुक्कामाने ये. बाबाराव रोज दारात उभे राहून विचारतात, "ताई, फ्यूज परत बसवता नाही येत काय?" तू आलास की तो पेनड्राइव्ह त्यांच्याच हाताने बसवू.