अकरा नावांची फेरी

३, सोमवार

चाललं! वेबसाइटचं पान एकदाचं चाललं! ओळखीपाळखीतले एकटे राहणारे अकरा जण, वयानुसार एका यादीत. उद्यापासून रोज सकाळी नऊच्या आत प्रत्येकाने मोबाइलवर ‘मी ठीक’ हे बटण दाबायचं. रोज नऊला लूप, म्हणजे प्रोग्रामचा फेरा, पूर्ण यादीवरून एकेका जागेने फिरणार – दाबलं? मग पुढे. नाही दाबलं? नाव उचलून ‘फोन करा’च्या यादीत टाक. साठाव्या वर्षी वेबसाइटचा क्लास लावला म्हणून दात काढणाऱ्यांनी आता बघायला यावं!

बायको म्हणाली, “दहा जणांचं नुसतं निमित्त. ताईंना सरळ फोन का नाही करत?”

नाही करणार. आईचं कपाट तिला न विचारता भंगारात दिलं, ते चुकलं माझं. पण ‘पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस’ हे कोण म्हणालं? सहा महिने झाले. ती बरी आहे एवढं कळलं की पुरे. बायकोच जाऊन तिला समजावून आली – नाही दाबलं तर फोन येईल.

४

एकच नाव आलं, ग्रंथपाल मावशींचं. विसरल्या म्हणे. ताई ठीक.

७, शुक्रवार

मावशी रोज विसरतात, मी रोज फोन करतो. यादीत त्यांच्या लगेच खाली ताई. हट्टी आहे, पण एक दिवस चुकली नाही! तिचं नाव नसलं की चहा गोड लागतो.

११, मंगळवार

मावशींनी आज पहिल्यांदा बटण दाबलं. आणि ‘फोन करा’मध्ये ताई!

फोन लावला. उचलत नाही. चार वेळा.

नोंदी उघडल्या. आठ दिवसांत ताईने एकदाही बटण दाबलेलं नाही! मावशींचं नाव उचललं की खालची नावं एकेक जागा वर सरकायची, ताई मावशींच्या जागी यायची, लूप मात्र पुढच्या जागेवर जायचं. रोज ताईला ओलांडून गेलं ते. आणि मी मूर्ख स्वतःची पाठ थोपटत बसलो! ती कधीपासून पडून असेल तर?

बायको रिक्षा बघायला खाली गेली आहे. तिची हाक येईपर्यंत लिहितो आहे.

११, संध्याकाळ

ताई ठणठणीत. अंघोळीला गेली होती. “आठ दिवस बटण का नाही दाबलंस?” दारातच ओरडलो मी.

म्हणाली, “दाबलं असतं तर तू आला असतास का रे?”